एक नळी जास्त

ट्युनिशियाच्या केरकेन्ना बेटावर माणसं मोजत नाहीत. नजर लागते म्हणतात. म्हणून घरात बायका किती, हे मी विचारतच नाही. चहाचे ग्लास मोजते, माझा वजा करते आणि रक्त घ्यायला तेवढ्या नळ्या काढते. घराण्यातून उतरणारा स्तनाचा कर्करोग शोधत अकरा वर्षं फिरतेय, हिशेब कधी चुकला नव्हता.

त्या गुरुवारी दुपारी मब्रूका आजीकडे गेले. तिची लेक सल्मा याच रोगाने गेलेली. सल्माची मुलगी मोन्जिया दोन महिन्यांनी नवरी होणार होती. आईच्या जनुकातला दोष तिच्यात आलाय का, हे बघायचं होतं. पण नेमका कोणता दोष, ते आईच्या रक्तावरून ठरतं, आणि सल्माचं रक्त घ्यायचं राहूनच गेलं होतं.

ट्रेवर पाच ग्लास होते. मी चार नळ्या मांडल्या. "माझं लग्न मोडायला आलीस का?" म्हणत मोन्जिया तरातरा अंगणात निघून गेली. उरल्या तिघी, असं मी धरून चालले.

उन्हामुळे खिडक्या मिटलेल्या होत्या. वाळत घातलेल्या ऑक्टोपसचा उग्र वास खोलीभर साचला होता. गादीवर ओळीने बसलेल्या बायकांचे नुसते हात उजेडाच्या तिरिपीत येत होते. आधी आजीचा, मग मोन्जियाच्या मावशीचा, नझीहाचा. तिसरा हात गार होता. नस कडक आणि काळपट, केमोने जळते तशी.

"उपचार झालेत का?" मी विचारलं.

"झाले होते..." अंधारातून आलं. "आता पोरीचं कळेल ना?"

कळेल, मी सवयीने म्हणाले.

निघताना दारात आजीला तिसऱ्या बाईचं नाव विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तिसरी कुठली, पोरी? मी आणि नझीहा. तो ग्लास सल्माचा... दर गुरुवारी ओतते मी."

मी घाबरले. बोटीतून परतताना ती नळी समुद्रात टाकायला तीनदा हात उचलला, पण टाकवेना. महिनाभराने प्रयोगशाळेतून उत्तर आलं. तिसऱ्या रक्तात दोष सापडला होता.

मी पुन्हा गेले आणि मोन्जियाला सगळं सांगितलं.  मग तिने बाही वर सारली. मी सुई उचलली, तेव्हा ती माझ्या पाठीमागे बघत होती.

"दुखेल का गं...?" तिने हळूच विचारलं.

मी वळून पाहिलं, मागे रिकामी गादी होती. मला काही ऐकूही आलं नाही. मोन्जियाने मात्र मान डोलावली आणि हात पुढे केला.