शंभर लिटर पाण्याचा चोर

“चोरी! भरदिवसा, डोळ्यांदेखत चोरी!” नमिताचे बाबा गाडीच्या पायरीवरून ओरडले.

नमिता आणि तिचा चुलतभाऊ हर्षद करवंदांचे द्रोण सांभाळत धावले.

“काय गेलं, काका?”

“पाणी! वडखळला टाकीचा काटा अर्ध्यावर होता. आता बघ, तळाला! नळालाही थेंब नाही!”

ही गाडी म्हणजे बाबांचं चाकांवरचं घर. बिछाने, शेगडी, नळ, दोनशे लिटरची टाकी, सगळं आत. जुनीच होती. आधीच्या मालकाने ती का विकली, हे बाबांनी विचारलं नव्हतं. आणि तोही भला माणूस, त्याने सांगितलं नव्हतं.

सकाळपासून बाबांच्या वहीत दोन धडे लिहून झाले होते. पहिला : निघताना पायरी आत घ्यावी. हा पेणमधल्या एका रसवंतीच्या बाकाने शिकवला. दुसरा : कपाटाला कडी लावावी. हा पोह्यांनी. पोहे अजून गाद्यांमध्ये सापडत होते.

नागोठण्याच्या पुढे, रस्त्याच्या उतरत्या कडेला गाडी उभी होती. समोरच्या झाडाखाली करवंदं विकणारी धोंडुबाई बसली होती. तिच्या शेजारी भरलेला हंडा. बाबांची नजर हंड्यावर थांबली.

“हंडा भरलेला दिसतोय तुमचा.”

“व्हय. पानी भराया असतो तो,” धोंडुबाई म्हणाली. “लांबच्या हापशीवरनं आणलाय. तुझं शंभर लिटर पानी यात मावलं का रं?”

गणित धोंडुबाईच्या बाजूने होतं. पण रागावलेल्या माणसाचं गणित कच्चंच असतं.

“मग टाकी फुटली असणार! चला, परत पेणला. गॅरेज गाठू. रोह्याला पुढच्या आठवड्यात बघू.”

नमिताच्या तोंडातलं करवंद एकदम आंबट झालं.

पुढच्या आठवड्यात! आई रोह्याच्या एका कंपनीत कामाला होती, शेजारच्या अष्टमी गावात खोली घेऊन राहायची. लागोपाठ तीन सुट्ट्या शिफ्टने गिळल्या होत्या. आज तीनला ती सुटणार, आणि उद्याचा आख्खा दिवस त्यांचा! नमिताने घरून आईची उशी आणली होती. आधी उशीला आईच्या आवळ्याच्या तेलाचा वास यायचा. आता कितीही नाक खुपसलं, तरी नुसता उशीचाच वास येत होता.

“हर्षद, चल. चोर शोधू!”

हर्षद गाडीखाली घुसला. “कोरडं ठणठणीत! टाकी फुटली असती तर इथे चिखल नको का?”

“म्हणजे पाणी आतच आहे.”

“मग काटा खोटं बोलतोय?”

नमिता विचार करत आत चढली. द्रोणातलं एक करवंद खाली पडलं आणि कोणी बोलावल्यासारखं गडगडत थेट दाराशी गेलं.

नमिताला आजा आठवला. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात वाफा करताना आजा कधी नजरेवर विसंबत नसे. पाणी सोडून बघायचा. म्हणायचा, “डोला फसवतं गो, पानी नाय फसवत.”

तिने परात जमिनीवर ठेवली आणि बाटलीतलं पाणी ओतलं. सगळं पाणी एका कडेला गोळा झालं. दुसरी कड कोरडीच!

“अरे, गाडी तिरकी आहे! टाकीतलं पाणीही असंच एका कोपऱ्यात जाऊन बसलंय. काटा आणि नळ दुसऱ्या बाजूला!”

“काकांना सांगूया!”

“रागावलेत. ऐकायचे नाहीत.” नमिताने नळ उघडा ठेवला आणि दारातून हाक मारली, “बाबा, गाडी वळवायचीच आहे ना? मग त्या आजींच्या झाडाजवळून वळवा. सपाट आहे!”

बाबांनी गाडी झाडाजवळ आणली, तोच मागून हर्षद ओरडला, “काका, थांबा!”

बाबांनी ब्रेक दाबला. नळ दोनदा खोकला, आणि धो धो वाहू लागला! काटा सुळकन अर्ध्यावर चढला.

बाबा आधी काट्याकडे, मग परातीत आता सगळीकडे सारख्या पसरलेल्या पाण्याकडे, मग स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. शेवटी खाली उतरले.

“मावशी, आख्खी पाटी द्या करवंदांची.”

“पाटी मागनं. आधी तोंड उघड.”

“चुकलो, मावशी.”

“हां! पोरीला डोकं हाय तुझ्या,” धोंडुबाई म्हणाली. “बापावर गेली नाय.”

अष्टमीला, कुंडलिका नदीच्या काठी, परात बघून बघून बाबांनी गाडी पाच वेळा मागेपुढे केली. मग वहीत तिसरा धडा लिहिला : आधी परात, मग आरोप. खाली ‘गुरू : नमिता’ असं लिहून सही ठोकली, आणि वही सगळ्यांना दिसेल अशी समोर टांगली.

तीन वाजले. सव्वातीन झाले. बाबा आणि हर्षद गाडीमागे घडीच्या खुर्च्यांशी झटापट करत होते. आई ज्या पुलावरून येणार होती, त्या पुलाकडे बघणं नमिताने सोडून दिलं होतं. चाळीस वेळा बघून झालं होतं. प्रत्येक लाल ओढणी आईची वाटायची आणि दुसऱ्याच कोणाची तरी निघायची. ती दाराकडे पाठ करून, उशी मांडीवर घेऊन परातीतल्या पाण्याकडे बघत बसली. पाणी आरशासारखं स्थिर होतं.

एकदम ते थरथरलं. पायरीवर कोणीतरी पाय ठेवला होता!

नमिताने मागे वळून पाहिलं नाही. डोळा फसवतो. तिने डोळे घट्ट मिटले.

आवळ्याच्या तेलाचा वास आला.

“नमे,” दारातून आवाज आला, “परात बाजूला घे गो. मी पाय कुठं ठेवू?”