मुंग्यांतला माणूस

दुपारी सुताच्या गोदामातून फोन आला. कॅमेऱ्याच्या चित्रात मुंग्या आल्यात, येऊन बघा म्हणाले. कॅमेरे दुरुस्त करणं माझं रोजचंच काम, म्हणून जेवण आटोपून निघालो.

गोदामाचा राखणदार कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"मालकांनी बोलावलंय तुम्हाला, मी नाही. मुंग्या असू देत. परत जा."

मी ऐकलं नाही. पडद्यासमोर बसलो. करडे ठिपके नुसते वळवळत होते, त्यांच्याआड सुताच्या गाठोड्यांच्या रांगा पुसट दिसत होत्या. बघता बघता जाणवलं, बाकीचे ठिपके वाटेल तसे उडत होते, पण मधले काही एकाच चालीने सरकत होते. असे ठिपके डोळा आपोआप एकत्र बांधतो. आधी खांदे झाले. मग मान. रांगांमधून कुणीतरी सावकाश चाललं होतं... एक पाय ओढत.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही. कुलूप आहे."

पडद्यामागची एक वायर सैल होती, ती घट्ट केली. चित्र धुऊन काढल्यासारखं स्वच्छ झालं. रांगांमध्ये चिटपाखरूही नव्हतं.

"बघा, भास होता," मी म्हणालो. "मुंग्या जास्त झाल्या की डोळा फसतो."

मी त्याच्या घराला काडी लावल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मुंग्यांत निदान तो कुठे आहे ते दिसायचं. आता कसं कळणार?"

त्याची खात्री पटावी म्हणून वायर पुन्हा सैल केली. मुंग्या परतल्या. रांगांमध्ये मात्र काहीच सरकत नव्हतं. राखणदाराने बटण दाबून याच खोलीतला कॅमेरा लावला. मुंग्यांत आम्ही दोघे ओळखू आलो. आणि माझ्या खुर्चीमागे ठिपक्यांचा एक पुंजका... एकाच चालीने खाली वाकत होता.

मला मान वळवता येईना. मानेजवळ ओल्या सुताचा कुबट वास आला. राखणदार उठला, बाहेर गेला आणि त्याने कडी लावली.

"उघडा... अहो, दार उघडा..."

"तुम्हीच घेऊन जा त्याला," तो दारापलीकडून हळूच म्हणाला. "मला घरी पोरं आहेत."

संध्याकाळी मालकांनी दार उघडलं. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी पुन्हा त्या बाजूला फिरकलो नाही, आणि बायकोला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

फक्त, अंधुक उजेडात काढलेला माझा फोटो ती आधी स्वतः बघते. माझ्या मागची बाजू कापून टाकते, मगच मला दाखवते. काय असतं तिथे, म्हणून विचारलं... तर उठून आत जाते.