रिकाम्या कार्डावरचा माणूस

मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांत जानेवारीचे ऊन उशिराच उतरते. आधी समोरच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या उजळतात, मग कठड्यावर टाकलेल्या रजया, मग विजेच्या तारांचा गुंता. आणि धुरक्यातून गाळून आलेला तो पाणचट, पिवळसर उजेड तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी येऊन थबकतो, आत यावे की नाही याचा विचार करत असल्यासारखा. त्या दिवशी तो आत आला, तेव्हा अलकनंदाबाईंच्या तळहातावर गोळी होती.

ही हकिगत घडलेली आहे. गेल्या हिवाळ्यात, दिल्लीत, भर सकाळी. ज्याच्या घरात ती घडली, तो नचिकेत भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणारा मुलगा होता.

आता हसत नाही.

"गिळलीस?" त्याने विचारले.

"गिळली रे बाबा. जीभ दाखवू?" आईने खरोखरच जीभ बाहेर काढली. "तुझ्या बाबांनीसुद्धा माझ्यावर एवढा पहारा केला नव्हता."

बाबा, म्हणजे विलासराव, आदल्या वर्षी हृदयविकाराने गेले. सरकारी क्वार्टर सुटले आणि मायलेक इथे भाड्याने राहू लागले. आता आईचेही हृदय अडखळत होते. ठोके ताळ्यावर ठेवणारी तिची गोळी मोठी नाजूक. रक्तात कमी पडली तर निरुपयोगी, जास्त झाली तर विष.

नचिकेत गुरुग्रामच्या एका प्रयोगशाळेत काम करी. तिथल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रक्ताचा वाळलेला थेंब ठेवला की मिनिटभरात कळे, रक्तात कोणते औषध किती आहे. म्हणून तो रोज आईच्या बोटाचा थेंब कार्डावर टिपून मेट्रोने घेऊन जाई.

आणि रोज आकडा उतरत होता.

डॉक्टरांनी डोस वाढवला.

आकडा आणखी उतरला...

प्रत्येक रुग्णाच्या कार्डाआधी एक कोरे कार्ड लावायचे, यंत्र स्वच्छ असल्याची खात्री करायची, ही तिथली रीत. त्या सकाळी पूर्वी नावाची त्याची सहकारी यंत्रापाशी बसली होती.

"नचि, तुझं रिकामं कार्ड आजारी आहे यार," ती हसली. "फुल डोस घेऊन बसलंय!"

"कालचं काहीतरी राहिलं असेल. धू ना."

तिने यंत्र धुतले. नवे पाकीट फोडले. पांढरेशुभ्र, रक्ताचा स्पर्शही न झालेले कार्ड आत सरकवले...

पडद्यावर पुन्हा आईच्या औषधाचे तेच उंच शिखर.

मग आईचे कार्ड लावले.

शून्य.

"अदलाबदल झाली असेल," नचिकेत म्हणाला.

"एक पांढरं, एक लाल. अदलाबदल कशी होईल?" पूर्वी आता हसत नव्हती. "आणि हे बघ. कोऱ्या कार्डावर अजून एक औषध आहे. रक्त पातळ करणारं. काकू घेतात का?"

आई ते घेत नव्हती.

बाबा घेत असत. ती आणि आईला चालू असलेली, दोन्ही गोळ्या एकदम, न्याहारीनंतर.

दुसऱ्या सकाळी त्याने आईला स्वतःच्या हाताने गोळी भरवली आणि समोर बसून राहिला. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

मग सगळे आवाज थांबले.

आणि स्वयंपाकघरात... कोणीतरी गोळ्यांची स्ट्रिप दाबली. चुर्र... चट्.

पाण्याचा घोट. मग घसा खाकरणे. दोनदा, नेहमीसारखे.

तो धावला. आत कोणी नव्हते. ओट्यावर स्टीलचा पेला होता, काठाशी ओला.

"बाबा," तो रिकाम्या खोलीला हात जोडून म्हणाला, "तुमची गोळी मी वेगळी ठेवतो. रोज ठेवीन. तिची घेऊ नका. पाया पडतो तुमच्या..."

त्याने दोन्ही औषधे वाटीत काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाहिले.

गोळ्या जशाच्या तशा होत्या. कोणी हातही लावला नव्हता.

त्या दिवशीही आईचे कार्ड शून्य. कोरे कार्ड भरलेले.

"त्यांना कशाला विनवण्या करतोस?" आई शांतपणे म्हणाली. "ते मागत नाहीत रे. मीच देते."

"देतेस म्हणजे? कशी?"

"देते."

"आई, तू मरशील!"

तिने त्याच्या गळ्यातला मफलर नीट केला. "जा. उशीर होतोय तुला. हौज खासला मेट्रो बदलताना केवढी गर्दी असते."

थंडी सरता सरता आई गेली. झोपेत, चेहऱ्यावर कसलाही त्रास न दिसता.

त्या दिवसापासून कोरी कार्डे कोरीच येतात. यंत्रातच काही दोष असेल, असे पूर्वी म्हणते. नचिकेत मान हलवतो. सुट्टीच्या सकाळी मात्र तो स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही; चहा खाली टपरीवर पितो.

यंत्राचे कोडे त्याला आजही सुटलेले नाही. पण एक गोष्ट त्याला मफलर नीट होत असतानाच कळली होती, आणि आजवर त्याने ती स्वतःला कळू दिली नव्हती.

आईला जगायचे नव्हते.