थंडीच्या खोलीतलं ब्लँकेट

ब्लँकेट विकत घेण्यात भिण्यासारखं काय असतं? तीही भ्यायला गेली नव्हती. ती भांडायच्या तयारीनेच गेली होती.

हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या या बाईला सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. रांग मोडून पुढे घुसणारा कितीही मोठा असो, त्याला ती शेपटाला पाठवायची. ‘इथे सगळ्यांनाच दुखतंय’ हे तिचं ठरलेलं वाक्य. पण यंदा तिची स्वतःची लेक, खारू, न्यूमोनियाने आजारी पडली आणि तोफ थंडावली. पोरीने अंथरुणात पडून एकच हट्ट धरला होता. बरी झाले की तळ्याकाठी तंबूत राहायचं. बरी झाल्यावर डॉक्टरांनी नाइलाजाने होकार दिला. “जा, पण हिला गारठू देऊ नका. पुन्हा गारठली तर या वेळी निभावेलच असं मी सांगत नाही.”

आता सांगा, अशा आईने ब्लँकेट घेताना डोळ्यांत तेल घालून बघायला नको? पण दुकानदारांना त्याचं काय! पहिल्या दोन दुकानांत रुमालाएवढ्या जाडीची ब्लँकेटं, आणि वर चिठ्ठी कसली, तर ‘बर्फातही उबदार’. “ही चिठ्ठी लिहिणारा बर्फात झोपला होता का?” असं तिने विचारलं, तर दुकानातली मुलं दात काढून हसली. तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा आपला पिशव्या धरून मागे उभा. त्याला बिचाऱ्याला सवय होती.

तिसरं दुकान एका जुन्या शीतगृहाच्या इमारतीत होतं. बाकीच्या खोल्यांत तंबू, बूट, दोर टांगलेले. पण मागची एक खोली अजून थंड चालू ठेवलेली. आत एक लोखंडी कॉट. गिऱ्हाइकाने ब्लँकेट घेऊन आत जायचं, निजून बघायचं, मग घ्यायचं. तोफेला हे फार पटलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी सरळ व्यवहाराची गोष्ट करत होतं.

ती दारात आपली पाळी धरून उभी राहिली. पुढची बाई बाहेर पडल्यावर हातात एक निवडलेलं ब्लँकेट घेऊन ती आत गेली, तर कॉटवर कुणीतरी आधीच झोपलेलं. डोक्यावरून राखाडी, जाडजूड ब्लँकेट ओढून घेतलेलं, गुडघे पोटाशी. खोलीत गंजक्या लोखंडाचा आणि शिळ्या बर्फाचा वास होता. छतातून यंत्राची घरघर येत होती.

ती थांबली. खाकरली. “झालं का हो?” म्हणाली. बाहेर माणसं ताटकळतायत आणि हा इथे घोरत पडलाय! झोप काढायला आलाय की खरेदीला? तिचा संताप उफाळून आला, आणि तिने ब्लँकेटचं टोक धरून ते सरळ खेचून काढलं.

खाली एक किडकिडीत माणूस होता. अर्ध्या बाह्यांचा सदरा, अनवाणी पाय. डोळे उघडे होते, पण तिच्याकडे बघत नव्हते.

“थोडं... राहू द्या...” तो म्हणाला.

“रांग आहे म्हटलं! तुम्हालाच तेवढी थंडी वाजते का?”

तो मुकाट्याने उठला आणि दाराकडे सरकला. तोफेने त्याच्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. ती कॉटवर पडली, ते राखाडी ब्लँकेट अंगावर घेतलं, आणि तिचा सगळा राग विरघळला. नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखं ते गरम होतं. हेच. खारूला हेच हवं.

“मघाचा माणूस गेला का?” बाहेर येऊन तिने नवऱ्याला विचारलं.

“कोण माणूस? मी दारातच उभा आहे. तुझ्यानंतर कुणी आत गेलं नाही, बाहेर आलं नाही.”

“तुमचं लक्ष कुठे असतं देव जाणे.”

म्हातारा दुकानदार मात्र तिच्या हातातलं ब्लँकेट बघून खुर्चीतून उठलाच. “बाई, ते विकायचं नाही. ते त्या कॉटवरच असतं. एखादं गिऱ्हाईक आत जाताना मी स्वतः ते बाजूला करतो. आज माझी नजर चुकली.”

“कॉटला थंडी वाजते?”

“कॉट उघडी ठेवत नाही आम्ही.”

झालं! तोफेच्या तोंडाचा पट्टा सुटला. चांगला माल ओळखीच्यांसाठी दडवायचा, आणि आमच्या आजारी पोरींच्या अंगावर रुमाल टाकायचे? गिऱ्हाइकं भोवती जमली, माना डोलवू लागली. दुकानदार हात जोडायच्या बेताला आला. शेवटी तो तिच्याजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाला, “मग निदान विचारून न्या.”

“कुणाला? मालक तुम्हीच ना?”

“दुकानाचा. ती खोली माझ्या आधीची आहे, बाई. त्या दाराला पूर्वी फक्त बाहेरूनच कडी होती... आणि तोही माझ्या आधीचाच.”

‘त्याला विचारा, ह्याला विचारा’ ही टोलवाटोलवी तोफेने जन्मभर ऐकली होती. तिने बिल करायला लावलं, पैसे ठेवले आणि ब्लँकेट काखोटीला मारून ती बाहेर पडली. आत मागच्या खोलीचं यंत्र अचानक बंद पडलं, तेवढं तिने ऐकलं.

तळ्याकाठी अंधार लवकर पडला. नवऱ्याने तंबू ठोकला आणि जेवून तो आडवा झाला तोच घोरू लागला. खारूला तोफेने ब्लँकेटात गुंडाळलं. “आई, काय मस्त ऊब आहे गं,” पोरगी म्हणाली आणि झोपली. तोफ कंदिलाशी बसून राहिली. वारा पडला होता. तळ्याचं पाणी काठाला लागल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

मग ब्लँकेट पायाकडून हललं.

तिला वाटलं, नवऱ्याचा पाय असेल. तिने ते नीट केलं. ते पुन्हा ओढलं गेलं, हळूच, अदबीने. आणि तंबूच्या कापडाला टेकून कुणीतरी बोललं.

“बाई... पांघरूण...”

गंजक्या लोखंडाचा वास आला. तोफेने आवाज ओळखला. तिला भीती वाटली, हे खरंच आहे. पण तिची भीती नेहमी रागाचे कपडे घालूनच बाहेर यायची. तिने ब्लँकेटचं वरचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

“मिळणार नाही! माझं लेकरू मरणाच्या दारातून आलंय. आधी ती, मग सगळं जग.”

“मलाही... फार दिवस...”

“म्हणून लहान मुलीच्या अंगावरचं ओढता? लाज नाही वाटत?”

पायाकडची ओढ वाढली. तोफ मागे रेलली, तिची बोटं दुखू लागली. या माणसाच्या निर्लज्जपणाने तिचं डोकं इतकं फिरलं, की खिडकीवर घुसणाऱ्यांना हजारदा मारलेला टोमणाच तिच्या तोंडून निघून गेला.

“एवढी घाई असेल तर या! या की आत! पोरीच्या मांडीवरच येऊन बसा!”

ओढ थांबली.

“...येऊ?” बाहेरून आवाज आला. त्यात इतका आनंद होता की तिच्या अंगावर काटा आला.

तंबूची चेन उघडली नाही. पण खारू झोपेतच थोडी सरकली, कुणाला जागा करून द्यावी तशी. तिच्या शेजारी ब्लँकेट हळूहळू वर आलं. आधी खांद्याच्या जागी... मग गुडघ्यांच्या...

तोफ किंचाळली. नवरा धडपडत उठला. तिने ब्लँकेट भिरकावलं, पोरीला उचललं. ब्लँकेट निखाऱ्यासारखं तापलेलं होतं आणि आत गुंडाळलेल्या खारूचे पाय बर्फासारखे गार.

त्यांनी तंबू तिथेच टाकला. रात्रभर गाडी हाकत ते शहरात परतले, आणि दुकानदार दार उघडत होता तोच तोफ त्याच्यासमोर उभी राहिली. चार घरांना ऐकू जाईल असा तिचा आवाज. असला माल विकता? सांगायला काय झालं होतं? हे घ्या तुमचं ब्लँकेट, आणि त्याला काय सांगायचं ते सांगा!

मागच्या खोलीत जाऊन म्हाताऱ्याने ब्लँकेट कॉटवर पसरलं. वाट पाहिली. त्यावर तळहात फिरवला, पुन्हा फिरवला.

“ब्लँकेट परत आलं,” तो म्हणाला. “तो नाही आला. तुम्ही काय म्हणालात त्याला?”

तोफेने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज शेवटपर्यंत पुरला नाही.

ती रस्त्यावर धावली. लख्ख ऊन पडलं होतं. नवरा गाडीबाहेर उभा राहून हात चोळत होता. “हीटर चालू आहे,” तो म्हणाला, “तरी आत बसवत नाही इतका गारठा.”

तिने मागचं दार उघडलं. खारू अगदी कडेला सरकून बसली होती. शेजारच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी पट्टा लावला होता, आणि तो पट्टा सीटला टेकलेला नव्हता.

“खारू, उतर!” तोफ ओरडली. “आत्ताच्या आत्ता उतर तिथून!”

खारूने ओठांवर बोट ठेवलं. ओठ निळे पडले होते.

“आई, हळू... आत्ता कुठे त्यांचं कुडकुडणं थांबलंय.”

हे बोलताना पोरीचे दात एकमेकांवर वाजत होते.