कफनाच्या मोज्यातली गाठ

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या दुकानात घडलीय, आणि अर्धी तर मी या डोळ्यांनी पाहिलीय. ज्याला खोटी वाटेल त्यानं खुशाल हसावं.

मला हसता येत नाही.

गाव तेगू, कोरियातलं. सोमून बाजार. अधिक महिन्यातली शेवटची दुपार.

अधिक महिन्यात भुतंखेतं माणसांकडे बघत नाहीत, असं आमच्याकडे मानतात. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांची कफनं, झग्यापासून मोज्यांपर्यंत, याच महिन्यात शिवून ठेवायची. शिवलं की आयुष्य वाढतं म्हणे. सुन-ये ताईचं दुकान त्याचंच. पुढे लग्नाचे रंगीत झगे, मागे पडद्याआड कफनं. खाली बोळात माझी शेवयांची गाडी. बाहेरगावचे लोक झगे बघायला वर जातात, खाली येऊन माझ्याकडे गरम शेवया आणि सारण भरलेले चपटे मांदू खातात. पडद्यामागे काय आहे ते कुणी विचारत नाही.

कफन शिवायचा एकच नियम. दोऱ्याला गाठ मारायची नाही. टाका ओढायचा आणि शेवट मोकळा सोडायचा. गाठ राहिली तर मेलेल्याचा पाय इथेच अडकतो, आणि त्याचं भोगणं मुलाबाळांच्या वाट्याला येतं.

हे ताईला शिकवलं तिच्या सासूनं.

पिल-रे आजी. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. बाई नव्हती ती, सुई होती. ताईचा नवरा घर सोडून गेला तेव्हा ही भर बाजारात म्हणाली, "बांधून ठेवता आला नाही तुला. एक पोरगी काढलीस, तिथेच तुझी अक्कल संपली."

त्या अधिक महिन्यात तिनं स्वतःचं कफन ताईकडून शिवून घेतलं. तागाचं कापड, सगळं हातानं. ताई शिवायची. म्हातारी खुर्चीत बसून बोट फिरवायची.

"वाकडं आहे. उसव."

पुन्हा शिवलं.

"उसव."

गिऱ्हाइकांसमोर. ताईच्या बोटांतून रक्त येत होतं, तरी.

आणि त्यातच ताईची लेक नायोंग पोटुशी होती. दिवस भरत आले होते. ती आईला भेटायला दुकानात आली, तर म्हातारी तिच्या पोटाकडे बघून म्हणाली, "हिच्या आईनं काय दिवे लावले ते दिसतंच आहे. आता ही लावणार."

पोर रडत खाली माझ्याकडे आली. मी तिला वाडगा भरून दिला. खाल्लं नाही तिनं.

संध्याकाळी ताई आली. हसत होती. मला तिचं ते हसणं आवडलं नाही.

"झालं गं कफन," ती म्हणाली. "म्हातारीनं पास केलं. पण डाव्या मोज्यात, आतून... एक गाठ मारलीय मी. पक्की."

मी झारा खाली ठेवला.

"ताई, वेड लागलं का तुला? आत्ताच्या आत्ता जाऊन उसव!"

"उसवते गं. उद्या उसवते. एक रात्र तरी मला सुखानं झोपू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी माझ्या गाडीवर जेवायला बसली. पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी आहे. दोघी बहिणी सारख्याच..."

आणि तशीच वाडग्यावर कलली.

गेली.

अंत्यविधीच्या वेळी आम्ही काचेअलीकडे उभ्या होतो, पलीकडे तिथली माणसं तिला कफन चढवत होती. मी ताईचा हात दाबला. म्हटलं, "थांबव त्यांना. सांग काहीतरी. मोजा चुकलाय म्हण."

ताईनं डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही.

"घालू दे," ती म्हणाली. "मला आयुष्यभर बांधून ठेवलं तिनं. आता बसू दे अडकून."

डावा मोजा पायात गेला. मग दहन झालं. राख तेवढी हातात आली.

पहिले काही दिवस शांत गेले.

मग एका सकाळी ताईनं दुकान उघडलं, तर झगे हँगरवर नव्हते. हँगरवर बाही होती. खाली गळा. कोपऱ्यात घेर. सगळे झगे उसवलेले. कापडाला कात्री कुठेच लागलेली नव्हती. आणि जमिनीवर दोऱ्याचा एक तुकडा नाही...

"उंदीर असतील," मी म्हटलं. मला दुसरं काय सुचणार?

"उंदीर टाका ओढून काढतात?" ताईनं विचारलं.

रोज तेच. ती दिवसभर शिवायची, सकाळी सगळं मोकळं. गिऱ्हाइकं ओरडून जायची. एका दुपारी मी तिच्यासाठी वाडगा घेऊन वर गेले. बाजार भरलेला. भाव, भांडणं, लाउडस्पीकर.

दुकानाच्या दारात पाय ठेवला, आणि सगळा आवाज बंद झाला.

फक्त...

सर्र... सर्र...

दोरा कापडातून ओढला जाताना येतो तो.

ताई भिंतीला पाठ लावून बसली होती. दोन्ही हात मांडीवर. टेबलावर हिरवा झगा होता, आणि त्याची बाही हळूहळू खांद्यापासून सुटत होती. एकेक टाका. कुणी घाई करत नव्हतं.

खुर्ची रिकामी होती.

"आई," ताई रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "चुकले मी. गाठ मी मारली. ती जळाली हो, आता मी काय उसवू? माझं काय घ्यायचं ते घ्या. माझ्या पोरीला हात लावू नका."

आवाज थांबला.

बाही अर्धी लोंबत राहिली. बाहेरचा बाजार एकदम कानात घुसला. 

त्या रात्री ताईनं मुद्दाम सगळं टेबलावर मांडून ठेवलं. नायोंगच्या बाळासाठी शिवलेलं पांढरं झबलंही ठेवलं. सकाळी आम्ही दोघी मिळून दार उघडलं.

सगळं उसवलेलं होतं.

झबलं मात्र जसंच्या तसं.

ताई मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. "बघ! पतवंडाचं सोडलं तिनं. शेवटी आईच ती. माफ केलं मला." झबलं छातीशी धरून ती मला म्हणाली, "तू उगाच तिला शिव्या देतेस."

दोन दिवसांनी नायोंगला कळा सुरू झाल्या. ताई तेच झबलं घेऊन इस्पितळात गेली. मीही गाडी बंद करून गेले.

डॉक्टर बाहेर आली. तरुण पोरगी होती बिचारी, आमच्याकडे बघतच नव्हती.

"बाळाच्या नाळेला गाठ बसली होती," ती म्हणाली. "फार घट्ट. आत केव्हा ओढली गेली ते सांगता येत नाही. असं होतं कधीकधी. कुणाची चूक नसते."

मुलगी होती. मेलेलीच आली. नायोंगनं तिला बराच वेळ कुशीतून सोडलं नाही.

बाळाला घालायला म्हणून मी ताईच्या हातातून झबलं घेतलं आणि उलटं करून पाहिलं. आतल्या शिवणीला गाठी होत्या. बारीक, एका ओळीत, एकसारख्या. तसा सरळ हात अख्ख्या बाजारात एकाच बाईचा होता, म्हातारीचा.

मी ते झबलं पिशवीत कोंबलं आणि बाळाला इस्पितळाच्या चादरीत गुंडाळायला सांगितलं. ताईला कधी दाखवलं नाही.

ताईच्या हातचं काहीच म्हातारीला जिवंतपणी पटलं नाही. ताईनं स्वतःला देऊ केलं, तेही तिनं घेतलं नाही.

त्यानंतर उसवणं बंद झालं. ताई आता फक्त तयार झगे विकते. सुई हातात धरत नाही. घरातही नाही.

परवा नायोंग माझ्या गाडीवर आली. मांदूचा वास आला आणि तोंड दाबून बाजूला झाली. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी, पण हसत होती.

"मावशी... पुन्हा दिवस गेलेत. आईला इतक्यात सांगू नकोस हं. घाबरेल ती."

मी शपथ घेतली. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही.

आज सकाळी ताई खाली आली. चेहरा पांढराफटक.

"काल तू वर येऊन गेलीस का गं?" तिनं विचारलं. "टेबलावर कुणीतरी शिवायला झबलं कापून ठेवलंय."