डावीकडं ओढणारं इमान

मलप्पा गाडीवान आपल्या मुदखेडचाच. खोटं वाटलं तर त्याच्या नातवाला विचारा. हा काय, शेंगा खाऊन राहिला.

निजामाचं राज, मोठ्या लढाईचं साल, पोळ्याचा दिवस. उमरीच्या वाटेला माळावर एक लढाऊ इमान उतरलं, पेट्रोल संपलेलं. सांजच्या रेल्वेनं पेट्रोल आलं. उड्डाण पहाटे. राखणीला मलप्पा.

पायलट वसंतराव म्हणाले, "मलप्पा, शेपटावरची ही उभी फळी वाऱ्यानं आपटती. बांधून ठेव. पहाटे मी बसायच्या आधी सोड. हे जनावर पळताना डावीकडं ओढतं. उजव्या पायानं फळी वळवली, तरच सरळ जातं. न्हाईतर..."

डाव्या अंगाला बारव होती. उघडी.

"हाव मालक," मलप्पा म्हणाला, अन् बैलाच्या नव्या कासऱ्यानं फळी आवळली.

पण त्याच्या घरची रीत अशी, की पोळ्याची गाठ ऊन पडल्याबिगर सोडायची न्हाई. बैल दगावतो. पहाटे कुठलं ऊन? मलप्पानं ठरवलं, गप बसायचं. एवढ्या थोरल्या इमानाला एका कासऱ्यानं काय होतंय.

वसंतराव ठेसनात झोपायला गेले. मलप्पा पंखाखाली आडवा झाला.

अवसेची रात. वारा पडला. तरी कासरा कुरकुरला.

वर काचेत कुणीतरी बसलेलं.

"मालक?"

चोर असंल म्हणून तो वर चढला. खुर्ची रिकामी. आत उतरून बसला, चाचपलं. उजवा पाय पायडलावर पडला.

"दाब."

कानाजवळ.

त्यानं दाबलं. हलंना.

"दाब..."

त्याच्या पायावर दुसरा पाय आला. जड. गार. इमान जागीच उभं. पण काचेतून माळ पळायला लागला, दिवसासारखा दिसून राहिला. डावीकडं. आणखी डावीकडं. बारव मोठी झाली...

मलप्पा खाली कसा आला, त्याला ठाव न्हाई. विळ्यानं कासरा कापला. बैल दगावले तर दगावले.

पहाटे इमान पळालं. नाक डावीकडं वळलं. वसंतरावांनी पाय दाबला. फळी वळली. बारव हातभर चुकवून इमान वर गेलं.

मलप्पा घरी येऊन पाय धुवायला बसला. बायको गुरम्मा म्हणाली, "हे काय वो?"

उजव्या पंज्यावर बुटाचा निळा ठसा. तळाच्या खिळ्यांसकट.

बैल पुढं लई वर्षं जगले. मलप्पा म्हातारा होऊन गेला. लिंगायतांच्या रीतीनं त्याला समाधीत बसवताना लोकांनी पाय पाहिला.

ठसा ताजा होता.