पार्सल उघडतानाचा आवाज

ऑनलाइन घेतलेल्या मालाची तक्रार घेऊन कुणी आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "पार्सल उघडताना व्हिडिओ काढलायस का?" बेळगावात इतकी वर्षं वकिली करून एवढं कळलंय, की पुरावा नसेल तर विक्रेता खुशाल कानांवर हात ठेवतो.

म्हणून डिसेंबरातल्या एका दुपारी बेळगुंदीची रचना खडेबाजारातल्या माझ्या ऑफिसात व्हिडिओसकट आली, तेव्हा मी खूश झाले. कडेवर दहा महिन्यांचा सौरव, पिशवीत बालदीत पाणी तापवायचा नवा रॉड.

"काय बिघडलंय?"

"ठाव न्हाय. अजून लावलाच न्हाय."

"मग तक्रार कसली गं?"

तिनं फोन पुढं केला. "तुमीच ऐका, वकीलबाई."

व्हिडिओत तिचे हात, कात्री, खोकं. रॉड बाहेर आला आणि मागून, परसातून यावा तसा एका म्हाताऱ्या बाईचा आवाज: "लावू नगंस पोरी. लेकरू हाय."

"सासूबाई असतील."

"आत्या शेताकडं गेलत्या. घरात मी आन् ह्योच. काढताना मला कायबी ऐकू आलं न्हाय. आत्या म्हणत्यात, ह्यो आवाज जित्त्या माणसाचा न्हाय. तुमी लाव म्हणला, तर आज लावतो. पर ह्यो बालदी दिसली की हात घालतोय."

मला हसू आलं. शेजारचा टीव्ही असणार, दुसरं काय! 'लाव बिनधास्त' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. पण माझा स्वभाव शंकेखोर. नुसत्या आवाजावर मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तिला घेऊन खालच्या नागोजीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले आणि सवयीनं फोनवर व्हिडिओ सुरू केला.

नागोजीनं लोखंडी बालदी भरली, रॉड सोडला, बटण दाबलं आणि टेस्टर बालदीच्या कडीला लावला. टेस्टर लख्ख पेटला.

त्यानं झटकन बटण बंद केलं. "बाई, ह्यात कुणी हात घातला असता तर..."

मी तिथल्या स्टुलावर बसले. माझ्या एका शब्दावर ही पोरगी रॉड लावायला घरी गेली असती. रचनानं सौरवला इतकं आवळलं, की तो रडायला लागला, आणि त्या रडण्याइतकं गोड मी बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

पुढचं माझ्या हातचं काम. नागोजीच्या तपासणीचा व्हिडिओ जोडून नोटीस धाडली. दोन आठवड्यांत विक्रेत्यानं रॉड परत घेतला, साइटवरूनही काढून टाकला. रचनाचा व्हिडिओ मात्र मी जोडला नाही. आवाज कुणाचा, असं विचारलं असतं तर काय सांगणार होते?

गेल्या रविवारी सकाळी माझी विजेची किटली आली. घरात मी एकटी. लोकांना सांगते तसं स्वतःही व्हिडिओ काढत खोकं उघडलं. सगळं शांत होतं.

मग तो व्हिडिओ लावून पाहिला.

माझे हात. खोकं. किटली.

कुणीतरी श्वास सोडला. परसातून नाही, फोनच्या अगदी जवळून.

"लावा वकीलबाई. ही बरी हाय."